गिरजाबाई आणि मिठाचा सौदा

नऊ जानेवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. चंद्रपुरातील आमच्या रुग्णालयाच्या महिला वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर गिरजाबाई पाय लांब करून बसल्या होत्या. बाजारात शेजारणीच्या टोपलीकडे पाहावे, तशा नजरेने त्या माझ्या हातातील ट्रेकडे पाहत होत्या. ट्रेमध्ये रक्ताच्या तीन रिकाम्या नळ्या होत्या. एकीचे झाकण जांभळे, दुसरीचे पिवळे, तिसरीचे राखाडी.

“तीन कायले वो? एक घे.”

मी सांगितले, की तीन वेगवेगळ्या तपासण्या आहेत.

“मंग दोन घे. तुहं नाई, माहं नाई.”

मी केसपेपर पाहिला. राखाडी नळी साखरेसाठी होती आणि साखर आदल्याच दिवशी तपासून झाली होती. तिसऱ्या नळीचे खरोखरच काही काम नव्हते. मी दोन घेतल्या. गिरजाबाईंनी हात पुढे केला आणि सुई आत जाताना डोळ्यांची पापणीही हलवली नाही. प्रश्न दुखण्याचा नव्हताच. समोरच्याने सांगितलेला पहिला आकडा मान्य करणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते.

मी तेव्हा अस्थिरोगशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझ्या प्रबंधाचा विषय नेमका हाच होता. गुडघा किंवा खुबा बदलल्यानंतर प्रत्येक रुग्णाचे रक्त पुन्हापुन्हा तपासायची पद्धत आहे. बहुतेकांचे अहवाल ठीक येतात. मग कोणाचे बिघडतात, आणि ते शस्त्रक्रियेपूर्वीच ओळखता येतील का? ओळखता आले, तर ज्यांना गरज आहे त्यांच्यावर अधिक लक्ष ठेवता येईल आणि बाकीच्यांच्या सुया वाचतील. संभाव्य कारणे पुस्तकांत होतीच : वाढते वय, आधीपासून कमी असलेले हिमोग्लोबिन, थकलेली मूत्रपिंडे, मधुमेह, कमी वजन, लांबलेली शस्त्रक्रिया, आणि रक्तदाबासाठी दिलेली, लघवी वाढवून शरीरातले पाणी व क्षार बाहेर टाकणारी गोळी. गिरजाबाईंच्या बाबतीत यातील तीन गोष्टी जुळत होत्या. वय पासष्टच्या पुढे, वजन अगदी बेताचे, आणि ती गोळी. त्यामुळे त्यांच्यावर माझे लक्ष पहिल्या दिवसापासून होते. त्या मात्र असे समजत होत्या, की माझे लक्ष त्यांच्या गप्पांवर आहे. तेही खोटे नव्हते.

गिरजाबाई चामोर्शीच्या पलीकडच्या एका गावच्या. गावाला मोठा तलाव, तलावाला पाळ म्हणजे मातीचा बांध, बांधावरून उतरणाऱ्या दगडी पायऱ्या, आणि त्यांचे घर तलावात जाळी टाकणाऱ्या ढिवरांचे. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी दोन कामे केली होती. चामोर्शीच्या आठवडी बाजारात मासोळी विकणे आणि जाळे काठाला येताना गुडघाभर पाण्यात उभे राहून त्याचा दोर धरणे. हे दुसरे काम मानाचे होते. दोर धरणारी बाई “ओढा” म्हणाली की ओढायचे, “थांबा” म्हणाली की थांबायचे. नाहीतर जाळ्याचा तळ उचलला जातो आणि मासोळी खालून निघून जाते. दोन वर्षांपासून गुडघ्यांनी असहकार पुकारला होता. पायऱ्या उतरणे बंद झाले होते, आणि दोर सून शालूच्या हाती गेला होता.

“शालू गुणाची आहे,” त्या मला सांगत. “पन दोर धरते कशी, तर म्हशीचं दावं धरल्यासारखी. मासोळी हसत हसत जाते वो खालून!”

शालू तिथेच उभी असे. ती म्हणे, “आई, मंग तुमीच या ना उतरून.”

“त्याच्यासाठीच तं आली इथी. दोन्ही टोंगळे नवे कराले.”

टोंगळा म्हणजे गुडघा. हा एकच शब्द आमच्या वॉर्डात इतक्या वेळा कानावर पडतो, की बाहेरून शिकायला आलेले डॉक्टर तो पहिल्या आठवड्यातच शिकतात. आमच्या सरांनी गिरजाबाईंना सांगितले होते, की आधी उजवा गुडघा बदलू, तो नीट बसला आणि रक्त ठीक राहिले, तर काही महिन्यांनी डावा. गिरजाबाईंनी अर्थातच दोन्हींचा एकत्र भाव विचारला होता. सर बधले नव्हते. मग त्यांनी सरांच्या डोळ्यांत बराच वेळ निरखून पाहिले आणि संमती दिली. नंतर मी कारण विचारले.

“मासोळी घेताना डोये पाह्यतेत ना? गढूळ असले तं घ्याची नाई. तुह्या सराचे डोये साफ आहेत. कापू दे.”

माणसे आणि वस्तू पारखण्याची त्यांची रीत एकच होती : आधी पाहायचे, मग हुंगायचे, मग अंगठ्याने दाबायचे. गोळी हातात आली की हुंगत. जंतुनाशकाचा बोळा हुंगून “शिळा आहे” म्हणत. माझा दंड त्यांनी दुसऱ्याच दिवशी दाबून पाहिला आणि मी जेवत नसल्याचे निदान केले. शेजारच्या खाटेवर मोहर्लीच्या पार्वताबाई होत्या. त्यांचा मुलगा पर्यटकांना जिप्सीतून जंगलात फिरवतो. खुबा मोडून त्या आल्या होत्या आणि मुलाचे कौतुक सांगताना थकत नसत.

“माहा पोरगा लोकायले वाघ दाखवते. दूरदूरचे साहेब येतेत.”

“आमच्या पाळीवर बिना जिप्सीचा येते,” गिरजाबाई म्हणाल्या. “त्याले कोनी पाहाले जात नाई, तोच आम्हाले पाहाले येते.”

अकरा जानेवारीला त्यांचा उजवा गुडघा बदलला. शस्त्रक्रिया वेळेत आटोपली, रक्तस्राव फारसा झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हिमोग्लोबिन अपेक्षेइतकेच उतरलेले होते, मूत्रपिंडे ठीक होती, पण सोडियम १२९ आले. सोडियम म्हणजे, सोप्या भाषेत, रक्तातील मिठाचा अंश. तो १३५ ते १४५ या पट्ट्यात असावा. शस्त्रक्रियेचा ताण आणि वेदना यांमुळे शरीर पाणी धरून ठेवते, त्या पाण्यात मीठ पातळ होते, आणि ती रक्तदाबाची गोळी असेल तर आणखीच. आम्ही गोळी बंद केली, पाणी मोजके पिण्यास सांगितले. अशा वेळी आकडा हळूहळू वर येतो.

तेरा जानेवारीला सकाळी मी नेहमीप्रमाणे ट्रे घेऊन गेले.

“गिरजाबाई, आज तीन नळ्या लागतील.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि हात पुढे केला.

“घे,” त्या म्हणाल्या.

मी तिथेच थांबले. पार्वताबाईंनीही मान वळवली. मी मुद्दाम म्हटले, “गिरजाबाई, तीन नाही, चार घेते.”

“घे.”

फिजिओथेरपिस्टने येऊन वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत चालायला सांगितले. आदल्या दिवशी याच सूचनेवर दारापर्यंत, मग खाटेपर्यंत, मग “तुहं नाई, माहं नाई” असा सौदा झाला होता. आज त्या नुसते “बरं” म्हणाल्या आणि उठण्याचा प्रयत्नही केला नाही. जरा वेळाने त्यांनी मला विचारले, की बाजार उठला काय.

वॉर्डातील कोणत्याही यंत्रावर काहीही वेगळे दिसत नव्हते. नाडी ठीक, रक्तदाब ठीक, ताप नाही. मी नमुना स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिला आणि तिथेच उभी राहिले. सोडियम १२१. एवढे खाली गेले की मेंदूला सूज येऊ लागते. माणूस आधी सुस्त होतो, मग गोंधळतो, मग झटके येऊ शकतात. सर लगेच आले. गिरजाबाईंना अतिदक्षता विभागात हलवायचे ठरले.

पण गोळी बंद होती, पाणी कमी केलेले होते, आणि तरी आकडा वर येण्याऐवजी खाली का गेला, हे कोडे सुटत नव्हते. कारण सापडले नसते, तर शिरेतून दिलेले मीठ पुन्हा पातळ होत राहिले असते. मी शालूला बाजूला घेतले.

“शालूताई, पाणी किती पितात?”

“नाईच पीत, मॅडम. तुमी सांगतलं ना. दोन घोट, बस.”

“आणि जेवण?”

“जेवन बराबर आहे. पेज देऊन राह्यली मी.”

“रुग्णालयाचं जेवण येतं ना रोज?”

“ते मी खातो. आईले घरचीच पेज. बहिनीचं घर आहे ना इथी जवळ, तिथून करून आनतो. सकाळी एक लोटा, दुपारी एक, संध्याकाळी एक. मधात मागतली तं अजून.”

पेज म्हणजे तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून केलेले पातळ पेय. शालूच्या हिशेबात ते जेवण होते. ते पाणी आहे, असे तिला कोणी सांगितले नव्हते आणि तिला वाटण्याचे कारणही नव्हते. मी डबा मागून घेतला. तळाशी उरलेल्या पेजेचा थेंब जिभेवर ठेवला. तिला चवच नव्हती.

“मीठ?”

शालूचा चेहरा उजळला. घेतलेल्या काळजीबद्दल कोणीतरी विचारत होते. “एक कन बी नाई टाकलं, मॅडम! आईनं पयलेच सांगतलं होतं. ऑपरेशनच्या आठ दिवस आधीपासून मीठ बंद आहे त्यायचं.”

कोडे सुटले होते. आठ दिवस बिनमिठाचे जेवण, मीठ बाहेर टाकणारी गोळी, आणि शस्त्रक्रियेनंतर शरीर पाणी धरून ठेवत असताना लोट्यामागून लोटे अळणी पेज. आमच्या सूचना सगळ्यांनी अगदी मनापासून पाळल्या होत्या. मी सरांना सांगितले. त्यांनी पेज थांबवली आणि शिरेतून तीव्र मिठाचे द्रावण थोडेथोडे सुरू केले. हे घाईने करून चालत नाही. सोडियम एकदम वाढवले, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून ठरावीक अंतराने रक्त तपासत राहिलो. प्रत्येक वेळी मी नळी पुढे केली, की गिरजाबाई निमूट हात देत. त्या दिवसभरात मला त्यांचा तो मुकाटपणा सर्वांत अधिक खुपला. शालू अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर रिकामा लोटा मांडीवर घेऊन बसून होती. मी येता-जाता तिला आकडा सांगत होते. तिला त्याचा अर्थ कळत नव्हता, पण तो वाढतो आहे एवढे पुरेसे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा १२७ झाला. मी नळी पुढे केली. गिरजाबाईंनी डोळे किलकिले केले.

“अवो, कालपासून किती घेतलं रक्त? बिहीर आहे काय माह्या अंगात?”

दाराशी उभी असलेली शालू रडू लागली. मला हसू आवरले नाही.

पण खरी लढाई त्यानंतर झाली. वॉर्डात परत आल्यावर शालूने भाबडेपणाने सांगून टाकले, की आईच्या अंगात मीठ चढवले होते. गिरजाबाईंनी मला बोलावणे पाठवले.

“माह्या नसातून मीठ टाकलं?”

“हो.”

“मले न इचारता?”

“तुम्ही बोलण्याच्या स्थितीत नव्हता. शालूताईंना विचारलं.”

“शालूले काय समजते?” त्यांनी गुडघ्यावरच्या पट्टीकडे बोट दाखवले. “आता ही जखम पानी सोडन, पाह्य तू. इतके दिवस मीठ कायले बंद केलं होतं मी? रोहूले चिरा देल्ल्या, मीठ लावलं, का घडीभरात पानी सुटते. डोयानं पाह्यलं मी, जनमभर. हा टोंगळा चिरलाच ना तुह्या सरानं? चिरलेल्यावर मीठ गेलं, तं पानी सुटन का नाई?”

त्यांची बाजू मी आजही कमी लेखत नाही. निरीक्षण अचूक होते, वर्षानुवर्षांचे होते, आणि निष्कर्ष निरीक्षणातूनच काढलेला होता. जखम झाली की मीठ बंद करायची रीत इतर घरांतही असते, पण तिच्यामागे असे सुसूत्र कारण मी दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते. त्यांना शारीरक्रियाशास्त्राचे धडे देण्याचा मोह मी टाळला. प्रश्न मासोळीचा होता, तेव्हा उत्तरही तिथेच शोधायला हवे होते.

“गिरजाबाई, मीठ लावता ती मासोळी जिवंत असते की मेलेली?”

“मेलेली. जितीले कोन मीठ लावते?”

“मग जिवंत मासोळीला मीठ दिलं, तर पाणी सुटतं का?”

त्यांनी पट्टीकडे रोखलेले बोट मागे घेतले. बाजारात एखादे गिऱ्हाईक अनपेक्षितपणे बरोबर भाव सांगून जाते, तेव्हा घेत असतील तसे. पार्वताबाई कोपरावर उठून ऐकत होत्या.

“ते कधी पाह्यलं नाई,” गिरजाबाई शेवटी म्हणाल्या.

“मी तुम्हाला जिवंत समजते,” मी म्हटले.

पार्वताबाई मोठ्याने हसल्या. गिरजाबाई हसल्या नाहीत. त्या विचार करत होत्या.

“मंग असं कर. अर्धं मीठ.”

“पूर्ण.”

“पट्टी उघडून रोज दाखव मले. पानी दिसलं का मीठ बंद.”

“रोज उघडली तर जंतू जातील. सर ठरवतील त्याच दिवशी उघडायची. पण जखमेतून पाणी आलं, तर पट्टीवर डाग दिसेल. तो रोज सकाळी आपण दोघी पाहू. डाग दिसला, तर आधी सरांना दाखवू, मग तुमच्या मिठाचं बोलू.”

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिले, तसेच निरखून. मग म्हणाल्या, “तुहं नाई, माहं नाई.”

मी आजवर अनेक प्रयोगांचे आराखडे वाचले आहेत. दोन्ही बाजूंनी अटी इतक्या स्पष्ट ठेवलेला प्रयोग मला क्वचितच आढळला. रोज सकाळी आम्ही पट्टी पाहत असू. मी डोळ्यांनी पाही; त्या आधी पाहत, मग वाकता येईल तेवढे वाकून हुंगत, मग कडेला अंगठा टेकवत, आणि “कोरडी” असा निकाल देत. जेवणाच्या ताटातील भाजी त्या आता पूर्ण खात होत्या, पेज बंद होती. सोडियम १३१ झाले, मग १३४. ठरलेल्या दिवशी सरांनी पट्टी उघडली. जखम स्वच्छ, कडा जुळलेल्या, पाण्याचा टिपूसही नव्हता.

गिरजाबाईंनी ती बराच वेळ पाहिली. “सुकटीसारखी सुकली,” त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडी याहून मोठी स्तुती नसावी. मग पार्वताबाईंकडे वळून, जणू हे त्यांना पहिल्यापासून ठाऊकच होते अशा थाटात, म्हणाल्या, “अवो बाई, मीठ खात जा बरं. जित्या मानसाले काई होत नाई त्यानं.”

पार्वताबाईंनी तेव्हा हळूच कबूल केले, की त्यांनीही खुब्याच्या शस्त्रक्रियेपासून मीठ सोडले होते. मी ताठ झाले. त्या दिवसापासून प्रत्येक नव्या रुग्णाला विचारायच्या प्रश्नांत मी दोन प्रश्न घातले : मीठ बंद केले आहे का, आणि पेज किती पिता. अशी माणसे पुढेही भेटली; कुरखेड्याकडची, सिंदेवाहीकडची, भाताच्या पट्ट्यातली. सर म्हणाले, “हे कारण कुठल्याही पुस्तकातल्या यादीत नाही.” मी म्हटले, की पुस्तकवाल्यांकडे पेज नसेल.

घरी पाठवताना सरांनी एक गोष्ट मात्र स्पष्ट केली. सोडियम इतके घसरलेल्या बाईच्या दुसऱ्या गुडघ्याचा विचार आता लगेच नको. रक्तदाबाची गोळी बदलली आहे. काही महिने रक्त स्थिर राहते का ते पाहू. नाही राहिले, तर डावा गुडघा आहे तसाच. गिरजाबाईंनी या वेळी घासाघीस केली नाही. त्या सरांचा शब्द पुढच्या सौद्यासाठी जपून ठेवत होत्या.

मे महिन्यात, ज्यांना चंद्रपूरला येणे जमत नव्हते अशा रुग्णांचे नमुने घेत मी चामोर्शीकडे गेले. गिरजाबाईंच्या तलावातले पाणी उतरले होते आणि त्या दिवशी मोठे जाळे लागले होते. गावातली बाया-माणसे पाण्यात होती. गिरजाबाई वर पाळीवर, प्लास्टिकच्या खुर्चीत. खुर्चीत बसूनच त्या ओरडत होत्या.

“थांबा! शालू, दोर खाली! अजून खाली! अवो, मासोळी हसून राह्यली तुले!”

“आई, या ना मंग इथी!” खालून शालूचा आवाज आला.

मला पाहून त्यांनी उजव्या गुडघ्यावर थाप मारली. “हा तुहा. हा काई बोलत नाई, सांगतलं तिकडे जाते.” मग डाव्यावर हात ठेवला. “हा माहा. हा पायरी पाह्यली का भांडते. पाच पायऱ्या उतरतो, आनि सहावीले हा आडवा होते.”

खुर्चीतूनच त्यांनी हात पुढे केला. मी नळी भरली आणि थंड नसलेल्या डब्यात ठेवली. त्यांनी मासोळीच्या पेटीतला बर्फ देऊ केला, तेव्हा मला नाही म्हणावे लागले. रक्त वेगळे करण्याआधी गार केले, तर त्यातील पोटॅशियमचा आकडा खोटा वाढतो.

“माह्या बर्फानं मासोळी खराब होत नाई, रक्त काऊन होईन?”

“मासोळी मेलेली असते, गिरजाबाई.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिले. “आता तू बी शिकली,” त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच खळखळून हसल्या. मग आवाज उतरवून विचारले, “हे बराबर आलं, तं सर कापन ना?”

मी नमुना ताबडतोब चामोर्शीतल्या प्रयोगशाळेत पोचवला. सोडियम १३७ होते. पाळीवरून निघताना मागे वळून पाहिले, तेव्हा जाळे काठाला लागत होते आणि गिरजाबाई खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या होत्या. सहाव्या पायरीवर मात्र त्यांना जाता येत नव्हते.

पावसाळ्यानंतरही आकडा स्थिर राहिला आणि सरांनी होकार दिला. ऑक्टोबरमध्ये गिरजाबाई त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्याच खाटेवर आल्या. या वेळी शालूच्या हातात लोटा नव्हता. नव्याने दाखल झालेल्या बायांना गिरजाबाई पहिल्याच दिवशी विचारून आल्या, की कोणी मीठ तर सोडले नाही ना. एकीने सोडले होते. तिला त्यांनी मेलेल्या आणि जित्या मासोळीचा फरक समजावून सांगितला, आणि मग शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिले. डावा गुडघा बदलला गेला. दुसऱ्या दिवशी सोडियम १३६ आले, पण मागच्या वेळची मोठी घसरण तिसऱ्या दिवशीच झाली होती. त्यामुळे त्या सकाळी ट्रे घेऊन वॉर्डाच्या दारात पाऊल टाकताना माझी नजर नळ्यांवर नव्हती, गिरजाबाईंवर होती.

“आज एक नळी लागेल, गिरजाबाई.”

“एक?” त्या म्हणाल्या. “अर्धीच भर.”

मी अर्धी भरली. तपासणीला तेवढी पुरते.

तासाभराने मी वॉर्डाच्या टोकाला संगणकापाशी अहवाल उघडत होते, तेव्हा वॉकरची टकटक ऐकू आली. दोन्ही नव्या गुडघ्यांवर, शालूला चार पावले मागे ठेवून, गिरजाबाई स्वतः चालत आल्या होत्या. त्यांनी टेबलावर एक हात टेकला.

“किती आलं?”

“एकशे अडतीस.”

“चाळीस लिव ना. गोल दिसते.”

“जेवढं आहे तेवढंच लिहायचं असतं.”

“एकोनचाळीस. तुहं नाई, माहं नाई.”

“अडतीस, गिरजाबाई.”

त्यांनी पडद्यावरच्या आकड्याकडे पाहिले, नंतर माझ्या डोळ्यांत. “बरं. अडतीस तं अडतीस. पन मंग उद्यापासून सुई नाई.”

मी त्यांचे आधीचे अहवाल पुन्हा पाहिले. हिमोग्लोबिन स्थिर, मूत्रपिंडे ठीक, गोळी बदललेली, मीठ चालू, पेज बंद. माझ्याच प्रबंधाच्या निकषांनुसार आणखी एक नमुना घेण्याचे एकही कारण उरले नव्हते. सरांना फोन केला. त्यांनाही कारण दिसले नाही.

“कबूल,” मी म्हटले.

गिरजाबाईंनी वॉकर वळवला. “शालू,” त्या जाता जाता सांगत होत्या, “यंदा जाळं लागलं का दोर माह्या हातात दे. आनि तू वरून पाह्य, कसा धरतेत ते.” शालू काहीतरी पुटपुटली. त्यावर दोघी हसल्या, आणि वॉकरची टकटक वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत गेली. अर्ध्यावर थांबली नाही. मी त्यांच्या नावापुढची शेवटची नोंद केली.

सोडियम : १३८.